सुनेचा पगार

बिबवेवाडी, पुणे
५ जानेवारी २०२६

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून बोललं की मला खोकला येतो, तेव्हा आपल्या दोघांना हे ईमेलच बरं. मैत्रीने तुला अक्षरं मोठी करून दिली असतील अशी आशा आहे. लेकीकडे मेलबर्नला राहतेस, एवढी चैन तर हवीच.

बातमी अशी, की तुझा भाऊ पुन्हा नोकरीला लागला. हसू नकोस. सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी घरात विशाखाच्या पायात पायात करत होतो, आणि तिने मला दोनदा सरळ विचारलं होतं, "तुम्हाला बाहेर कुठे काही काम नाही का हो?" तेवढ्यात एका संशोधन संस्थेला अनुभवी माणूस हवा होता. अनुभवी म्हणजे कमी पैशात येणारा. विषय ऐक: 'परदेशात जन्मलेल्या पुणेकरांचे कौटुंबिक उत्पन्न'. म्हणजे जन्म बाहेरच्या देशात आणि मुक्काम पुण्यात, अशा लोकांच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि तुमच्या घरात महिन्याला किती पैसे येतात, असं विचारायचं. आपल्या पुण्यात माणसाला वय विचारलेलं चालतं, जात तर लोक आडून आडून काढतातच, पण पगार विचारला की दार लागलंच म्हणून समज.

मी पर्यवेक्षक आहे. खरं काम माझ्या हाताखालच्या मुली करतात आणि मी त्यांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन फिरतो. तरी दिवे लावायचे ते लावलेच. फॉर्मचं मराठी मी केलं होतं. 'उत्पन्न' हा शब्द मला रुक्ष वाटला, म्हणून मी मोठ्या ऐटीत सगळीकडे 'मिळकत' लिहिलं. वाघोलीत मच्छिंद्र म्हणून एक घरमालक आहेत, त्यांच्या माडीवर सुदानची मुलं भाड्याने राहतात. त्या मुलांकडे निघालो, तर हे खाली अंगणातच आडवे आले. कशाला आलात? म्हटलं, मिळकतीची माहिती घ्यायला. झालं! "मिळकतकर? परवाच भरलाय की! पावती हाय माझ्याकडं! गाव तुमच्या महापालिकेत घेतलं तवापास्नं नुसतं लुटायलाच बसलाय!" त्यांनी हाका मारून अर्धी आळी गोळा केली. शेवटी वरच्या एका सुदानी पोराने येऊन आम्हाला सोडवलं, चहा पाजला आणि न विचारता सांगितलं, उत्पन्न शून्य, शिकायला आलोय. महिन्याभरात एवढं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं.

खराडीत एका बाईंनी सहा वर्षांच्या मुलीला पुढे केलं. "हिचा जन्म अमेरिकेचा. तिकडची सिटिझन आहे हं ती." मी उत्पन्न विचारलं. बाई म्हणाल्या, "तिचं अजून तसं काही नाही." मी ते तसंच लिहून घेतलं.

आता खरी गंमत. संस्थेने मागच्या आठवड्यात नावांची नवी यादी दिली, तर त्यात आमचीच सोसायटी, आमचाच पत्ता! परदेशात जन्मलेली व्यक्ती: अक्षता चेतन ओव्हाळ, जन्म मस्कत. माझी सून! हिचा जन्म मस्कतचा, हे मी साफ विसरून गेलो होतो. यांना तिचं नाव कुठून मिळालं कोण जाणे.

तुला आमची व्यवस्था ठाऊक आहे. आम्ही दोघं पहिल्या मजल्यावर, चेतन-अक्षता बरोब्बर आमच्या डोक्यावर. झोपायला वर, जेवायला खाली. आणि आमच्या खात्याची व्याख्या तर मी जन्मभर हाताखालच्यांकडून घोकून घेतली: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. त्या हिशेबाने आम्ही चौघं एक. म्हणजे माझी पेन्शन, चेतनला वाघोलीच्या कॉलेजात तासांवर मिळतं ते, आणि अक्षताचा खराडीच्या आयटी कंपनीतला पगार, सगळं एका फॉर्मवर यायला हवं. म्हणजे सुनेला पगार विचारायला हवा! ताई, लग्नाला पाच वर्षं झाली, या घरात तिला कुणी पगार विचारलेला नाही. सुनेच्या पगारावर डोळा ठेवणारी माणसं निराळी, आपण त्या वळणाचे नाही.

मग मी डोकं चालवलं. वर ओटा आहे. ओट्यावर ती विजेची शेगडी आहे. तिच्यावर अक्षता कॉफी करते आणि चेतन मॅगी करतो. म्हणजे चूल आहे! मी पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून टाकलं, 'दोन स्वतंत्र कुटुंबे, चूल वेगळी.' आता वरचा फॉर्म माझ्या हाताखालची चैताली भरून परस्पर संस्थेत देईल, मला बघायचं कारणच नाही. नियम राहिला, सुनेचा मानही राहिला. एवढ्या वर्षांच्या सरकारी नोकरीचं चीज झालं म्हणायचं.

तुझा,
अभय

—

मेलबर्न
८ जानेवारी

चि. अभय,
जय भीम.

अक्षरं मोठी झाली आहेत. तुझी अक्कल होती तेवढीच राहिली.

मॅगीला तू स्वयंपाक कधीपासून म्हणायला लागलास? आणि 'चूल वेगळी' हे शब्द घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचे? अरे, लोकांच्या घरात असं तोंडातून निघालं तरी आठवडाभर जेवणं होत नाहीत. तू पेनने लिहिलंस आणि वर पाठ थोपटून घ्यायला मला कळवतोस.

सुनेचा मानबिन मला सांगू नकोस. मी तुला लंगोटात असल्यापासून ओळखते. त्या फॉर्मवर एक रकाना असणार, घरातली मुख्य कमावती व्यक्ती कोण. असतोच तो. तिथे तुझं नाव येणार नव्हतं, चेतनचंही येणार नव्हतं. तुझी चूल तिथे पेटली.

इथे मी पण परदेशात जन्मलेलीच. इथल्या नगरपालिकेचा असला कागद आमच्याकडेही येतो. मैत्री समोर बसून भरते, "आई, तुझं उत्पन्न?" मी म्हणते, लिही काही नाही. लगेच जावई आतून ओरडतात, "आई, व्याज लपवू नका!" इथे जानेवारीत मरणाचं ऊन असतं आणि बोलायला माणूस नसतो. त्या दिवशी मात्र मला बरं वाटतं, का ते मला सांगता यायचं नाही.

विशाखाला हे सांगितलं नसशील. आजच सांग. आणि तो कागद बदल.

ताई

—

बिबवेवाडी
२ फेब्रुवारी

प्रिय ताई,
जय भीम.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता म्हणून उत्तर दिलं नाही. राग आठवडाभर टिकला, पुढचा सगळा आळस. कागद बदलला नाही. विशाखालाही सांगितलं नाही. म्हटलं, कशाला उगाच शांत घरात खडा टाका.

पण बातमी वाईट आहे. मागच्या रविवारी सकाळी पेपर वाचत होतो आणि डोक्यावर कुकरची शिट्टी झाली. मी विशाखाला विचारलं, "कुणाचा गं?" ती म्हणाली, "आपला तर नाही." आम्ही दोघंही छताकडे बघत बसलो. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली, मग करपल्याचा वास आला. थोड्या वेळाने अक्षता खाली आली आणि हसतमुखाने म्हणाली, "आई, आजपासून आम्ही वरच जेवत जाऊ. तुम्हाला किती दिवस त्रास द्यायचा!" विशाखा म्हणाली, "अगं, त्रास कसला?" तर ती 'नाही नाही' म्हणत जिना चढून गेलीसुद्धा. चेतनला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्हालाच माहीत." मला काय माहीत? या पोराला एक वाक्य धड बोलता येत नाही आणि हा कॉलेजात शिकवतो.

परवा त्याहून कहर झाला. एक तरुण एजंट पत्ता शोधत आमच्या दाराशी आला. "ओव्हाळ ना? खराडीचा टू बीएचके बघायचा होता ना आज?" मी म्हटलं, ओव्हाळ मीच, पण मला नकोय. तो फोनमध्ये बघून म्हणाला, "अक्षता मॅडम आहेत का?" मी त्याला वरचा मजला दाखवला. दाखवणार नाही तर काय करणार? पत्ता दाखवायचीच सवय लागलीय मला.

काय कमी केलं ताई आम्ही? तिच्या कपड्यांवर कधी बोललो नाही. उशिरा आली तर कधी विचारलं नाही. पगाराचं तर नावच काढलं नाही. पाहुण्यांचीसुद्धा कुणी एवढी बडदास्त ठेवत नाही. आणि खराडी दोघांनाही जवळ पडते, हेही मला कळतं. रोज बिबवेवाडीहून जाता-येता तिचा जीव अर्धा होतो. जायचं तर जावं. पण निदान आमच्यासमोर बसून सांगायचं तरी!

गंमत बघ, माझा फॉर्म बरोबर ठरला. निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत माझा एकही अंदाज आजवर खरा झाला नव्हता. झाला तो हाच.

विशाखा अजून चौघांचाच स्वयंपाक करते. उरलेलं मी खातो, त्यामुळे पँट कमरेत लागत नाही. रडू आलं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो. काल सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, ओव्हाळ, तुमच्याकडे पाणी गळतंय का? मी म्हटलं, बघतो.

तुझा,
अभय

—

मेलबर्न
४ फेब्रुवारी

अभय,

गाढवा, बसून वाच. तुझ्या सुनेचं पत्र मला दहा दिवसांपूर्वीच आलं होतं. तुला सांगायचं नाही अशी तिने शपथ घातली, म्हणून मी तोंड शिवून बसले. आयुष्यात प्रथमच बसले, आणि त्याचा मला फार त्रास झाला. तुझं पत्र आल्यावर तिला लिहिलं, हे आता त्याला दाखवू दे, नाहीतर तुम्ही दोघं मिळून घराचं वाटोळं कराल. काल तिचा होकार आला. खाली जोडते आहे.

वाचून झाल्यावर मला उत्तर लिहीत बसू नकोस. जिथे लिहायचं तिथे लिही.

ताई

*(सोबत जोडलेलं पत्र)*

२४ जानेवारी

प्रिय आत्या,
जय भीम.

माझं मराठी टायपिंग कच्चं आहे. मस्कतच्या शाळेत आम्हाला हिंदी होतं. चुका असतील तर समजून घ्या.

बाबांना सर्व्हेसाठी माणसं मिळत नव्हती. रोज जेवताना सांगायचे, आज एकाने हाकललं, आज एकाने कुत्रं सोडलं. सांगताना हसायचे, पण मला कसंतरी व्हायचं. म्हणून मीच त्यांच्या वेबसाइटवर जाऊन माझं नाव टाकलं. म्हटलं, सरप्राइज. निदान एका घरात तरी त्यांच्या माणसांना नीट बसवून सगळं खरं सांगतील. चेतनला पण बोलले नव्हते.

चैताली आली त्या दिवशी मी मुद्दाम वर्क फ्रॉम होम घेतलं. चहा टाकला, सॅलरी स्लिप काढून टेबलावर ठेवली. तिने पहिलं पान वाचलं, "स्वतंत्र कुटुंब, चूल वेगळी. बरोबर ना मॅडम?" मी म्हटलं, नाही, आम्ही खाली जेवतो, आईंच्या हातचं. ती म्हणाली, "पण हे तर ओव्हाळ सरांनी स्वतः लिहून दिलंय. आणि सर या व्याख्येत कधीच चुकत नाहीत." मी कागद हातात घेऊन बघितला. अक्षर बाबांचंच होतं.

मग मी 'बरोबर' म्हटलं आणि सही केली. चहा तसाच राहिला.

आत्या, मी जन्मले मस्कतला, शाळा तिथली, मैत्रिणी तिथल्या. पण आम्ही तिथले कधीच नव्हतो. पप्पांच्या कंपनीच्या कागदावर राहत होतो. मी दहावीत असताना कंपनीने पप्पांना कमी केलं आणि महिन्याभरात आमचं घर रिकामं झालं. पप्पा सामान बांधताना म्हणाले, "बाळा, पाहुण्याने 'जा' म्हणायची वाट बघू नये." पुण्यात आल्यावर वर्गात सगळे मला मस्कतवाली म्हणायचे. लग्न झालं तेव्हा वाटलं, आता संपलं हे एकदाचं.

पण या घरात सगळे माझ्याशी इतके चांगले वागतात ना, की मला भीतीच वाटते. चेतनने ओला टॉवेल पलंगावर टाकला की आई त्याला फैलावर घेतात. मी टाकला तर गुपचूप उचलून वाळत घालतात. चेतनला बाबा दर महिन्याला विचारतात, कॉलेजने पैसे दिले का, किती दिले, का कापले. मला पाच वर्षांत एकदाही नाही. सुरुवातीला वाटायचं, विचारतील पुढच्या महिन्यात. माझं पहिलं प्रमोशन झालं तेव्हा मी पेढे घेऊन आले होते, तेव्हा तर नक्की वाटलं. बाबा म्हणाले, "छान!" आणि पेपर वाचायला लागले. घरच्यांपासून लपवायला कुणी पगार कमावतं का हो?

पप्पा असते तर त्यांना विचारलं असतं, हे कसं घ्यायचं. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी खराडीला फ्लॅट बघतेय. बाबांना तोंडाने 'जा' म्हणणं जमणार नाही, फार त्रास होईल त्यांना. त्यांच्यावर ती वेळच यायला नको. त्यांना यातलं काही सांगू नका, तुम्हाला माझी शपथ.

तुमची,
अक्षता

—

पहिला मजला
५ फेब्रुवारी

चि. अक्षता,
जय भीम.

हे पत्र टपालाने नाही, जिन्याने येत आहे. तोंडाने सांगायला मी दोनदा वर येऊन गेलो. दोन्ही वेळा बेल न वाजवता परत आलो. सगळ्या पुण्याच्या बेला वाजवत हिंडणारा माणूस स्वतःच्या पोराच्या दाराशी घाबरला, म्हणून हे दाराखालून सरकवतो आहे.

ताईने तुझं पत्र पाठवलं. ते वाचून मी विशाखाला वाचून दाखवलं. तिने मला काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही. तू नवीन मराठी शिकशील, पण चांगलं नाही शिकणार.

ती ओळ माझीच. तुला घालवायला लिहिली नव्हती गं. त्या फॉर्मवर एक रकाना आहे, 'मुख्य कमावती व्यक्ती'. चौघांचं एक कुटुंब लिहिलं असतं, तर तिथे तुझं नाव आलं असतं, आणि ते तपासून सही मला करावी लागली असती. खात्यात माझ्या सहीशिवाय जिल्ह्याचा आकडा पुढे जात नव्हता, आणि घरात मी तिसऱ्या नंबरवर की दुसऱ्या, हे मला बघायचं नव्हतं. म्हणून मी माझ्या घराचे दोन तुकडे केले. कागदावर केले म्हणून मला कळलंही नाही. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं काही असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आणि पगार विचारला नाही तो तुझा मान राखायला, असं मी स्वतःला पाच वर्षं सांगत होतो. माझ्या आईने तिच्या सासरी काय सोसलं, ते मी पाहिलं होतं. तिची मजुरी संध्याकाळी तिच्या हातात राहत नसे. मी ठरवलं होतं, माझ्या घरात सुनेच्या पैशाला कुणी हात लावणार नाही. तेवढं बरोबर होतं. पण हात न लावणं वेगळं आणि तोंडाने न विचारणं वेगळं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. तू पेढे घेऊन आलीस तेव्हा मला विचारायचं होतं. जिभेवर आलं होतं. मी पेपर उचलला, तो उलटा होता.

खराडीला जायचं असेल तर खुशाल जा. तुम्हाला दोघांनाही ती सोयीची आहे आणि मी आडवा येणार नाही. पण त्या ओळीसाठी जाऊ नकोस. पप्पांचं म्हणणं पाहुण्यांसाठी होतं, पोरी. तू इथली आहेस.

आता विचारतो. हातात फॉर्म नाही, पेन हे पत्र संपलं की ठेवून देईन. अक्षता, तुला पगार किती आहे गं?

तुझा,
बाबा

—

दुसरा मजला
६ फेब्रुवारी

बाबा,
जय भीम.

काल दोन्ही वेळा तुम्ही आलात ते मला कळलं होतं. तुमचा खोकला जिन्यात ऐकू येतो. मी पण आतून दाराशी येऊन उभी राहिले होते, उघडलं नाही. चेतन म्हणाला, तुम्ही दोघं वेडे आहात.

पगार सांगते. पण कागदावर नाही. रविवारी खाली जेवायला येते, तेव्हा सगळ्यांसमोर सांगेन. आणि एक अट आहे. आकडा ऐकून 'छान' म्हणायचं नाही. छान म्हणायला ऑफिसात माणसं आहेत. चेतनला ओरडता तसं ओरडायचं. जमेल का बघा.

एजंटला मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. तो सोमवारी उत्तर मागतोय.

अक्षता

—

बिबवेवाडी
९ फेब्रुवारी

प्रिय ताई,
जय भीम.

आधी संस्थेचं सांगतो. चैतालीपुढे सगळं कबूल करून फॉर्म दुरुस्त करायला गेलो, तर ती म्हणाली, "सर, काही करू नका. तुमचं घर यादीतूनच काढलंय. पर्यवेक्षकाच्या घरच्यांची माहिती घ्यायची नसते." मी म्हटलं, असा नियम कुठे आहे? तिने नियमावली उघडून दाखवली. पहिल्याच पानावर होता, आणि खाली तपासणाऱ्याची सही माझी होती.

आता काल रविवारचं. विशाखाने सकाळपासून स्वयंपाक काढला होता आणि मला स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही. दोघं खाली आली. ताटं वाढली. पहिला घास कुणीच घेईना. मी सर्व्हेत शेकडो घरांत हा प्रश्न विचारला असेल, पण काल आधी तांब्याभर पाणी प्यायलो. मग विचारलं. अक्षताने मान वर करून, स्पष्ट, आकडा सांगितला.

ताई, तो मी तुला लिहीत नाही, तुला चक्कर येईल. मला आली. माझी पेन्शन त्यात किती वेळा जाते, याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला, सवयच ती. चेतन ताटात बघत होता. त्याला माहीत होताच, पण वडिलांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं त्याला. माझ्या ओठावर 'छान' आलंच होतं. ते मी वरणाबरोबर गिळलं. अक्षता माझ्याकडे टक लावून बघत होती. ओरडायचं म्हणजे काय ओरडायचं? पाच वर्षांत तिच्यावर आवाज चढवला नव्हता, तो चढेचना. घशातून नुसता खोकला आला.

आणि मग आवाज एकदम फुटलाच. "एवढे पैसे येतात, मग जातात कुठे गं? रोज तो डिलिव्हरीवाला काय घेऊन येतो पिशव्या भरभरून? परवा कढीपत्ता मागवलास ऑनलाइन! कढीपत्ता! खाली भाजीवाली फुकट देते! काही शिल्लक टाकतेस की नाही?"

मी थांबलो, तर विशाखा सुरू झाली. मला वाटतं पाच वर्षांचा साठा होता तिच्याकडे. "आणि फ्रिजचं दार सताड उघडं टाकून फोनवर बोलत उभी राहतेस ती? आणि उपाशीपोटी कॉफी ढोसतेस ती?" चेतन म्हणाला, "आई, बास!" मी त्याला म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस.

अक्षताने मान खाली घातली. टपटप पाणी ताटात पडायला लागलं. वाटलं, संपलं सगळं, आता आजच सामान बांधतात. विशाखा उठून तिच्या पाठीवर हात ठेवायला निघाली.

तेवढ्यात तिने मान वर केली, नाक पुसलं, आणि माझ्यावर उलटली! "माझा पगार आहे बाबा! मी कढीपत्ता मागवीन नाहीतर केशर मागवीन! तुम्ही रिटायर झाल्यावर तो दुर्बिणीचा सेट आणलात, एकदा तरी बघितलंत त्यातून? आधी स्वतःचं बघा!"

या घरात मला असं कुणी बोललेलं नाही, चेतनची तर टाप नाही. विशाखा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चेतनने हळूच खिशातून फोन काढला आणि टेबलाखाली एजंटला नको म्हणून कळवून टाकलं. तिचं म्हणणं खरंच होतं.

ताई, मला इतका आनंद झाला की मी पुन्हा भात घेतला.

तुझा,
अभय